राईची उशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण — तर जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी बाई! लग्न असो, बारसं असो, बाया मला मध्ये बसवून म्हणतात, "काकू, किस्सा सांगा ना वो." मग हाच एक कसा पोटात राहिला?

नात चार महिन्यांची होती. गावातली, सरकारी दवाखान्याची आशाताई घरी येऊन बजावून गेली होती — "बाळाले उताणंच निजवा. उशी नाई, गोधडी नाई, बाजूले काहीच नाई." माझी सून पल्लवी ते तंतोतंत पाळायची. मला मात्र नातीचं डोकं मागून चपटं दिसायचं. आमच्याकडे राई भरलेल्या उशीवर निजवून पोरांची डोकी गोल करतात. माझंच बघा — बाहेरून तरी गोल आहे. मी हौसेनं शिवलेली ती उशी पल्लवीनं कपाटावर ठेवून दिली होती. ते मला टोचायचं. खोटं कशाला बोलू?

एका दुपारी ती आंघोळीला गेली. मी उशी काढली, हळूच नातीच्या डोक्याखाली सरकवली आणि ओसरीत जाऊन भाजी निवडत बसले.

किती वेळ गेला? सांगता येत नाही. पल्लवीची किंकाळी तेवढी आठवते. पोर कुशीवर वळली होती, नाक उशीत रुतलेलं, ओठ निळे. पल्लवीनं तिला उचललं, पाठ चोळली — आणि ती रडली. वाचली.

"आई, उशी तुमी ठेवली का?"

"मी कायले ठेवीन वो? रातभर जागते, झोपेच्या भरात तूनंच ठेवली असशीन."

मुलगा घरी आल्यावर तिच्यावर ओरडला. आणि तिनं — तिनं ते खरं मानलं.

तिथं तरी मी थांबले का? भीती सरली तसा मी त्याचा किस्साच केला. "आमची सून झोपेत उशी ठेवते अन् उठून सोताच बोंबलते!" वरठी गावच्या एका लग्नात तर बाया हसून हसून बेजार. पल्लवीही हसायची. मान खाली घालून.

नात आता सहा वर्षांची आहे. परवा मुलानं दुसऱ्या बाळाचा विषय काढला. पल्लवी म्हणाली, "नको जी. माह्या हाताचा मलेच भरोसा नाई."

मी समोरच चहा पीत होते. कप खाली ठेवला. तोंड उघडलं — आणि कप पुन्हा उचलला.