नसीम आपा आणि गिळलेली एरर

नसीम आपा रोज सकाळी लॉग-फाइल मोठ्याने वाचायच्या. लोक पेपर वाचतात तशी, चहा घेत. कारंज्यातल्या आमच्या डायलिसिस केंद्राच्या त्या व्यवस्थापक. रुग्णांना तारखेचा संदेश पाठवणारा पायथनचा प्रोग्राम मी लिहिला होता. त्याने काय काय केले, याची नोंद त्या फाइलीत उतरे.

"एरर क्रमांक बावीस," आपा वाचत. "हे कोणाले सांगून राह्यला बेटा? मले, का मशीनले?"

एकदा डायलिसिसचे मशीन बंद पडले. दुरुस्त झाले की संदेश येईल, तोवर घरीच थांबा, असे रुग्णांना सांगितले. दोन दिवसांनी संदेश गेले. सगळे आले, धनजचे पांडुरंग काका तेवढे आले नाहीत. लॉगची शेवटची ओळ होती : सर्व संदेश पाठवले.

"एरर आली नाही, आपा," मी म्हणालो.

"आली असन. तू बोलू नसन देलं तिले."

त्यांनी मला कोड उघडायला लावला. काकांच्या नंबरात एक आकडा कमी होता. तिथे एरर आली होती. पण एरर आली तर काही न बोलता पुढच्या नावाकडे जा, असे मीच लिहून ठेवले होते. प्रोग्राम अडू नये म्हणून.

आपा केंद्राची गाडी घेऊन स्वतः धनजला गेल्या. काका आले ते धापा टाकत, पाय सुजलेले. ते मशीनवर चार तास होते. थोडे सावरल्यावर आपांनी पलंगाशेजारी खुर्ची ठेवली. "बस. काकांले सांग काय झालं ते."

मी सांगितले. काकांनी ऐकून घेतले. "मी तं मोबाइल हातातच धरून बसलो होतो," ते म्हणाले.

त्यानंतर मी बारीकसारीक नोंदीवरही 'गंभीर' असा शिक्का मारू लागलो. आपांनी तशा चाळीस ओळी वाचल्या आणि कप खाली ठेवला.

"सगळेच वरडून राह्यले. यातला मरणारा कोणता हाय, ते कसं समजन?"

मग साध्या नोंदी वेगळ्या काढल्या. एररच्या ओळीत रुग्णाचे नाव, गाव आणि आता काय करायचे ते येऊ लागले.

दोन वर्षांनी काका घरीच वारले. अंत्यविधीहून आपा तडक केंद्रात आल्या, माझ्या खुर्चीवर बसल्या आणि संदेशांच्या यादीतून काकांचे नाव काढू लागल्या.

"मी उद्या केलं असतं, आपा."

"मेसेज सकाळी सहाले सुटते," त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "त्यांच्या सुनेनं तो वाचायचा का?"