सहासष्टवरून पन्नासवर

कॉम्प्युटरच्या पेटीवर उलटा हात ठेवून बाई म्हणायच्या, "दम लागलाय त्याला. जरा थांबा." आणि आम्ही सगळे थांबायचो. चरफडत.

नव्वदीच्या मध्यात डहाणू रोडला स्टेशनजवळ आमचं नकाशे काढणारं छोटं ऑफिस होतं. मी ज्युनियर इंजिनिअर. बाई आशागडहून यायच्या. बारा वर्षं ड्रॉइंग बोर्डवर ट्रेसिंग केलेलं, कॉम्प्युटर स्वतःच शिकलेल्या. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई असेल, पाहा आठवून.

साहेबांनी नवा कॉम्प्युटर मुद्दाम चपटा आणला, टेबलावर शोभेल असा. प्रोसेसर मात्र सहासष्ट मेगाहर्ट्झचा, तेव्हाच्या मानाने फार वेगवान. एवढ्याशा पेटीतून त्याची उष्णता जाणार कुठे? त्यात दुपारी व्होल्टेज उतरलं की आतला पॉवर सप्लायही तापायचा. मोठा नकाशा उघडला की पडदा गोठायचा आणि तासाभराचं काम जायचं.

"साहेब, पेटी मोठी घ्या, नाहीतर वेग तरी कमी करू द्या," बाई म्हणायच्या.

"वेगासाठीच आणलाय ना तो?"

एकदा बाईंनी झाकण काढून टेबलफॅन लावला. साहेबांनी झाकण परत बसवायला लावलं. लोक येतात, बरं दिसत नाही.

एप्रिलमध्ये तलासरीकडच्या पाड्यांच्या पाणी योजनेचे नकाशे सोमवारी द्यायचे होते. मुदत चुकली तर योजना वर्षभर लांबणार. शुक्रवारी यंत्र चार वेळा बंद पडलं. शनिवारी बाईंनी कोणाला न विचारता पेटी उघडली आणि मदरबोर्डवरची बारीक प्लास्टिकची टोपी एका खुंटीवरून दुसरीवर सरकवली. वेग पन्नासवर आला. नकाशा उमटायला वेळ लागे, पण यंत्र एकदाही थांबलं नाही. रविवारी शेवटचा कागद प्लॉटरमधून बाहेर आला, तेव्हा बाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

नकाशे वेळेत पोचले. मंगळवारी साहेबांना टोपीचं कळलं. सगळ्यांसमोर ते ओरडले, "तुम्ही काय इंजिनिअर आहात? कोणी सांगितलं हात लावायला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शनिवारी टॉर्च मीच धरला होता. मी फाइल चाळत राहिलो.

बाईंनी डबा पिशवीत टाकला आणि त्या निघून गेल्या. साहेबांनी वेग पुन्हा वाढवून घेतला. मे महिन्यात प्रोसेसर कायमचा गेला, आणि बाईंना बोलवायला मला आशागडला पाठवलं.

बाई अंगणात पापड उलटत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"साहेबांचा राग नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांना कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं."

आणि पापडांची पुढची ओळ उलटायला लागल्या.