डिलीटच्या बटणावरची टिकली

आमच्या कारभारणीने कॉम्प्युटरच्या डिलीट बटणावर टिकली चिकटवली होती. लाल, चांगली ठसठशीत. कोणी विचारलं तर सांगायची, "ते बटन सवाष्ण हाय. त्याला काम सांगायचं न्हाई." बटण सवाष्ण कसं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. डिंक वाळून टिकली गळाली की ती दुसरी लावायची. बोट लागून झिजली, असं मात्र कधी झालं नाही.

मी जामखेडात लग्नांची शूटिंग करायचो. शिक्षण विचाराल तर सातवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, याचा निकाल अजून लागलेला नाही. कॅमेरा माझ्या खांद्यावर, लाईट तिच्या हातात. घरी आलं की मिक्सिंग, म्हणजे शूटिंग कापून जोडणं, तिचं. खरं तर कॉम्प्युटर मी माझ्यासाठी आणला होता. पण मी माऊस हातात धरला की तो उंदरासारखाच पळायचा. तिनं तो लाटण्यासारखा धरला आणि दोन महिन्यांत मला खुर्चीवरून उठवलं. चौथी शिकलेली बाई. पण तिला गुलाबाच्या फुलातून नवरी बाहेर काढायचा भारी नाद. प्रत्येक लग्नात फूल उमलायचं आणि आतून नवरी यायची. एकदा चुकून फुलातून नवरीचा मामा निघाला, चांगला मिशीवाला. मी म्हणालो, "आता आपला धंदा बुडाला." मामा एवढा खूश झाला की त्यानं आपल्या दोन्ही पोरींची लग्नं आम्हालाच दिली. वर अट घातली, फुलातून मीच निघालो पाहिजे.

शूटिंग सुरू करताना कॅमेऱ्याला आधी पांढरं काहीतरी दाखवावं लागतं. पांढरं कोणतं ते त्याला कळलं की बाकीचे रंग तो नीट दाखवतो. हे कामही तिचंच. मांडवात गेलो की ती पांढरा टॉवेल तोंडासमोर धरून उभी राहायची, भूल दिलेल्या पेशंटसारखी. लोक हसायचे. मी "झालं" म्हणालो की टॉवेल खांद्यावर टाकून लाईट उचलायची. घरी मिक्सिंगला बसली की पहिलं काम म्हणजे तो टॉवेल कापायचा. मग लाईट धरलेला तिचा हात कुठे कडेला आला असेल तर तो कापायचा. मधेच तिचा आवाज आला असेल तर त्यावर सनई लावायची. "लोकांच्या लग्नात आपलं काय काम," म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं.

आता कापलं तर टाकून द्यावं ना. पण नाही. तयार झालेलं लग्न गिऱ्हाईकाला दिलं तरी कच्ची शूटिंग, म्हणजे टॉवेलपासून खरकट्या पत्रावळीपर्यंत सगळी, ती कॉम्प्युटरमधे तशीच ठेवायची. मशीन फुगत चाललं. चालू केलं की मी दाढी करून यायचो, तरी ते सुरू होत असायचं. मी म्हणायचो, पक्कं ठेव, कच्चं पूस. यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. "पिठाला कोंब फुटत न्हाई. ठिवायचा तर दाणा ठिवावा." माझ्याशी भांडताना ती नेहमी धान्यावर यायची. खर्ड्याच्या शेतकऱ्याची पोर, दुसरं काय करणार.

तिचं एकदा खरं झालं, आणि मग तिला आवरणं अवघड गेलं. एक पोरगी माहेरी आली तशी आमच्याकडे आली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा बाप गेला होता. लग्नाच्या सीडीत बाप दिसायचा तो कन्यादानाला, मान खाली घालून, तेवढाच. कारभारणीने तिला कच्चं लावून दिलं. त्यात बाप आचाऱ्याशी भांडत होता, धोतराच्या सोग्याने घाम पुसत होता, एका पोराला उचलून बुंदी चारत होता. पोरगी स्टुलावर बसून बघत राहिली.  ती गेल्यावर कारभारीण जाता-येता दळणाच्या डब्यावर टिचकी मारायची.

आणि ऐन लग्नसराईत मशीन बसलं. स्टँडजवळचा दुरुस्तीवाला आला, त्यानं निळा पडदा पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, व्हायरस हाय. नवीन विंडो टाकावी लागंल. सगळं पुसून." आमची शेजारीण तिथंच होती, तिनं विचारलं, कोणत्या भिंतीला. कारभारणीला विंडो ठाऊक होती. तिला 'सगळं' या शब्दाची धास्ती. म्हणाली, "आदी लेकरं भाईर काढायची, मग घर झाडायचं. आन ही लोकांची लेकरं हायती." तिनं त्याच्याकडून मशीन कसंबसं चालू करून घेतलं, त्याला चहा पाजला, वाटेला लावलं आणि मला कोऱ्या डिस्का आणायला पिटाळलं.

पुढे घरात जे चाललं त्याला दुरुस्तीवाला बॅकअप म्हणायचा. मला ते मुंजीचं जेवण वाटलं. डिस्कला ती ताट म्हणायची. एक कच्चं लग्न एका ताटात मावायचं नाही, मग त्या फाईलचे तुकडे पाडून वेगवेगळ्या ताटांत वाढायचे. एक ताट भरायला वेळ लागायचा. तोवर मशीनला हात लावायचा नाही, जोरात चालायचं नाही. मला तर शिंकायलाही बाहेर जावं लागायचं. आणि तेव्हा लाईट जायची ती दिवसातून किती वेळा. निम्मं ताट भरलं की लाईट गेली, ताट वाया. ती डिस्क बाहेर काढून म्हणायची, "करपली." अगदी तव्यावरच्या भाकरीला म्हणावं तसं. भरलेलं ताट परत चालवून बघायची, सुरुवातीला, मधे, शेवटी. मी म्हणालो, एका शितावरून भात कळतो की. म्हणाली, "भात कळतंय. लगीन न्हाई कळत."

मग त्यावर पेनानं नाव. आडनाव लिहील तर शपथ. 'जिलबी कमी पडली ते.' 'घोडं बसलं ते.' 'भटजी पळाला ते.' मी म्हणालो, उद्या गिऱ्हाईक आलं तर त्याला काय विचारायचं, तुमचं घोडं बसलं होतं का? ती म्हणाली, विचारायचं की. आणि खरंच, नाव विसरलेल्या माणसाला घोडं बरोबर आठवायचं.

प्रत्येक ताट तिनं दोनदा भरलं. मी कपाळाला हात लावला. पण तिचा हिशेब विरजणाचा. आपलं दही नासलं तर शेजारणीकडून वाटीभर आणता आलं पाहिजे, म्हणून आपण आधी तिला दिलेलं असावं. एक थर घरात, एक खर्ड्याला तिच्या भावाकडे. सगळं दोन ठिकाणी झाल्यावरच तिनं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन पुसायला घेतलं तशी ती उठून देवापुढे जाऊन बसली. नवीन विंडो आल्यावर तिनं पहिलं काम केलं, टिकली लावली.

आता घरातल्या डिस्का ठेवायच्या कुठे, तर बियाणं ठेवतात तसं. पत्र्याच्या डब्यात खाली लिंबाचा पाला, मग चुलीची राख, मग डिस्क, परत राख. मी बघत होतो, मलाही काही वावगं वाटलं नाही. आमच्या दोन्ही घरांत बी असंच राहिलं होतं. सहा महिन्यांनी सहज एक बघायला काढली, तर मांजरानं ओरबाडल्यासारखी. सगळ्याच तशा. एकही चालेना. मी म्हणालो, "एक हाय. किडा लागला न्हाई."  संध्याकाळी भाकरी थापताना ती म्हणाली, "म्हनून तर विरजन दुसरीकडं असतंय."

मग मोबाईल आले, जो तो आपली शूटिंग आपणच करायला लागला. मी कॅमेरा ठेवून दिला. ते मशीन आतून पार गेलं, भंगारवाल्यानं नेलं. कीबोर्ड तेवढा तिनं दिला नाही.

गेल्या थंडीत ती गेली. काय झालं, कसं झालं, ते मी इथे लिहीत नाही. लिहून ते काही कमी होत नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. तेराव्याला लेक केडगावहून आली होती. म्हणाली, "आबा, आईची एखादी शूटिंग असंल ना?"  निम्म्या तालुक्याच्या बायका मी चालत्या-बोलत्या धरून ठेवल्या, आणि माझ्या घरातली एकही नाही. भिंतीवर आधार कार्डाचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ती फोटोवाल्यावर चिडलेली दिसते, आणि आता माझ्यावर.

मग मला टॉवेल आठवला. लाईट धरलेला हात आठवला. सनईखाली दाबलेला आवाज आठवला. ती कापायची ते सगळं त्या कच्च्यात होतं. आणि कच्चं आता एकाच ठिकाणी होतं, खर्ड्याला.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं खर्ड्याला गेलो. मेव्हण्यानं ट्रंक उघडली. आत नव्या साडीत गुंडाळून, वर कापराच्या वड्या घालून, डिस्कांची चळत. ओरखड्याची एक रेघही नाही. मी एक उचलली, उलटी केली. नाव नव्हतं. दुसरीवर नव्हतं. कुठल्याच डिस्कवर नव्हतं. मी विचारलं, नाव लिहिलेल्या कुठे आहेत. तो म्हणाला, "त्या व्हय दाजी? त्या तवाच ज्वारीत बांधल्या की, पाखरं हुसकायला. अक्कानं दोन पिशव्या दिल्या हुत्या, येक ठिवायची आन येक पाखरांची. लिवलेल्या म्हंजी वापरलेल्या. कोऱ्या ठिवल्या जपून."

करपलेल्यांवर ती नाव घालायची नाही. तेवढं सांगायचं राहिलं होतं.

मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण मला त्या वर्षीचा हुरड्याचा दिवस आठवला. आम्ही दोघं बांधावर उभे होतो आणि साऱ्या शेतात डिस्का लखलखत होत्या. ती मला म्हणाली होती, "बघा, करपल्यालं सुदीक वाया जात न्हाई." खर्ड्याच्या चिमण्यांनी निम्म्या तालुक्याची लग्नं बघितली, आणि तिला वाटत राहिलं की लग्नं ट्रंकेत आहेत. ते तिला कळलं नाही, हे बरंच झालं. नाहीतर भाऊ वाचला नसता.

शेतात जाऊन पाहिलं. दोन-तीन राहिल्या होत्या, उन्हानं काचेसारख्या आरपार झालेल्या. परत आलो आणि पाणी पिऊन निघणार, तेवढ्यात मेव्हण्याची बायको म्हणाली, "दाजी, येक आमच्या गनपतीमागं हाय. पाखरांच्यातली घेतली हुती मी. परभावळ म्हनून." तिनं गणपती उचलला, मागची डिस्क काढली. मागच्या बाजूला, कधी ऊन न लागलेली शाई. 'उन्हात पाय भाजले ते.' पुढच्या चकचकीत बाजूवर कुंकवाची बोटं होती. ती तिनं पदरानं पुसायला घेतली. मी म्हणालो, मी पुसतो, सावकाश.

लेकीकडे जुना लॅपटॉप आहे, त्याला ताट सरकवायचा खण आहे. केडगावला गेलो. लेकीनं डिस्क आत ढकलली. आतून घरघर आली, थांबली, परत आली. मी देवाचं नाव घेतलं नाही. मशीन पुसताना कारभारणीनं घेतलं होतं, तेच पुरेल असं म्हणालो.

आधी सगळं पांढरं दिसलं. टॉवेल. त्याला धरलेली बोटं, हिरव्या बांगड्या. मागे मांडव, कोणाचं तरी पोर रडतंय. माझा आवाज आला, झालं म्हणणारा. तिनं टॉवेल खाली घेतला. उन्हानं डोळे बारीक केलेले, कपाळावर घाम, एक पाय वर उचललेला, कारण चप्पल मांडवाबाहेर राहिली होती. ती कॅमेऱ्याकडे बघते, मग माझ्याकडे. "आजून चालूच हाय व्हय?" आणि हसते. दात दिसू नयेत म्हणून टॉवेल तोंडाशी नेते, आणि म्हणते, "पुसा ते. लगेच पुसा."

लेक रडत होती. मी परत लाव म्हणालो. परत लावलं.

पुसा म्हणाली मला. पण माझ्या घरात पुसायचं काम कधीच माझ्याकडे नव्हतं. ते तिच्याकडे होतं.