लेकीचा चार्ज

बंगळूरमधल्या हेब्बाळच्या तळ्यावरचे बगळे सोडले, तर आमच्या भागात असा एकही जीव नाही ज्याला माझ्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी एखादं काम 'पद्धतशीर' करायला शिकवलेलं नाही. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाले ते फक्त हजेरीपुरते. भाजीवालीला टोमॅटो कसे रचायचे ते सांगतात. ती बिचारी 'सरी अण्णा, सरी' म्हणत होकारार्थी मान डोलावते आणि हे वळले की परत आपल्या मनासारखे रचते.

त्यांची मुलगी सायली. तिला सातव्या वर्षापासून मधुमेह, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. पण स्वतःविषयी एक वाक्य बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नाही. डॉक्टरांनी तिला विचारायचं आणि यांनी सांगायचं, "आम्ही कालपासून जरा कमी जेवतोय." गेल्या वर्षी ती अठराची झाली. लहान मुलांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि आत एकटीनं जायचं. दोन महिन्यांत ती म्हैसूरला हॉस्टेलवर जाणार होती. तिथे बाबा मिळणार नव्हते.

यांनी काय करावं? कारखान्यात बदलीच्या वेळी करतात तसा रीतसर कागद केला. चार्ज देणारा, चार्ज घेणारी, साक्षीदार. साक्षीदार मी, कारण मला नाही म्हणता येत नाही. यादीत इन्सुलिनची पेनं, ग्लुकोमीटर, आणि सातवं कलम: 'चिडचिड झाल्यास आधी साखर तपासणे, मग भांडणे.' सायलीनं खाली शेरा मारला: 'वडील जुने, पण चालू स्थितीत. सोबत नेणार नाही.'

मग तालमी सुरू झाल्या. त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी मी डॉक्टर. मी सायलीला उपाशीपोटीची साखर विचारली की आकडा गॅलरीतून यायचा. गॅलरीचं दार लावलं तर फोनवर यायचा. तीन रविवार असे गेल्यावर मी यांना रक्तदाबाची गोळी लिहून दिली आणि मनातल्या मनात एक स्वतःलाही.

प्रत्यक्ष दिवशी यांना बाहेर धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. नव्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळे साठीपुढचे पेशंट. एका आजोबांनी सायलीला कारल्याचा रस सुचवला. हे उसळणार, तेवढ्यात तिनंच त्यांना कन्नडमध्ये शांतपणे समजावलं की आपला मधुमेह वेगळा, रसानं जाणारा नाही. नाव पुकारलं गेलं. हे खुर्चीचे हात धरून बसून राहिले. आणि मी, तीन रविवारांचा डॉक्टर, तिच्यामागून थेट आत. साखर उतरली की कसं कळतं, असं डॉक्टरांनी तिला विचारलं आणि मी म्हणालो, "हात थरथरतात."

"काका," सायली म्हणाली, "बाहेर."

बाहेर आलो. आता हे माझं सालटं काढणार अशी खात्री होती. त्यांनी फक्त प्रश्न काय होता ते विचारलं. मी सांगितला. 

"मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं," ते म्हणाले. "तिला स्वतःला कशावरून कळतं, ते मी कधी विचारलंच नाही."

परतीच्या रिक्षात त्यांनी तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी सायलीच म्हणाली, "विचार ना, बाबा."

त्यांनी विचारलं.

"सगळे आवाज लांबून यायला लागतात," ती म्हणाली. "तुझापण."

पुढे घरापर्यंत ते काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, या माणसानं काहीतरी बोलावं.