कडी नसलेलं घर

दुसऱ्याच्या घरात राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. मी तर निजामाच्या राज्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत राहिले, आणि तेही नांदेडात! मुरुडहून मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, तेव्हा वडिलांनी ओळखीच्या काका-काकूंच्या घरी माझी सोय केली. काका कचेरीत कारकून होते. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंत कॉलेज सोडून निजामाविरुद्धच्या चळवळीत गेला होता. पोलिस त्याच्या मागावर होते. घरात त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे.

पहिल्याच दिवशी लुगडं बदलायला मी खोलीत गेले. दाराला कडी नव्हती म्हणून आतून पेटी सरकवून लावली. तेवढ्यात काका, काकू दोघंही धावत आले!

"पोरी, काय लपवून राहिलीस?" काका दार ढकलत म्हणाले.

"लुगडं बदलते आहे, काका!"

"उघड्या दारानं बदल. काकू आडवी उभी राहील. दार बंद दिसलं की लोक कान लावतात. कड्या मीच काढल्यात."

मग पेटीचीही तीच गत. एकदा शाळेतून येते तर काकूंनी माझी पेटी उपसलेली, आणि भावानं दिलेलं पांढरं खादीचं पातळ चुलीवरच्या काळ्या रंगात बुडतंय!

मी भडकले. "काकू, मला विचारायचं तरी!"

काकू काठीनं पातळ ढवळत म्हणाल्या, "झडतीला येणारे तुला विचारून पेटी उघडणार हायत का?"

शेजारी रुकय्याखाला राहायच्या. मधली भिंत एवढी पातळ की त्यांचा खोकलासुद्धा आमच्याच घरातला वाटायचा. एका सकाळी तांदूळ निवडताना मी प्रभातफेरीतलं गाणं नुसतं गुणगुणले. भिंतीपलीकडून दबका आवाज आला, "मास्तरीणबाई, आवाज लई गोड हाय तुमचा."

मी लाजले. "खाला, तुम्हाला आवडलं?"

"मला आवडलं. पण माझ्या ओसरीवर आत्ता चहाला पोलिसांचा जमादार बसलाय, त्याला मी सांगितलं की भजन हाय. आता भजन म्हणा!"

मी लगेच भजन धरलं. चांगली पाच कडवी म्हटली!

मुरुडकडून बरेच दिवस खबर नव्हती. तिकडे गावात जाळपोळ झाल्याचं कुणी तरी सांगितलं. रडू आवरेना, आणि घरात रडावं तर दहा प्रश्न. म्हणून परसात कडब्याच्या गंजीमागे गेले. तिथे काकू आधीच बसलेल्या, तोंडात पदर कोंबून.

मी मागे फिरणार, तर म्हणाल्या, "जाऊ नको. या घरात रडायला एवढीच जागा हाय. सरकते मी."

आणि एक दिवस भर दुपारी मी न्हाणीत होते. न्हाणी म्हणजे परसातला कोपरा, समोर जुन्या लुगड्याचा पडदा. अंगावर ओलं लुगडं. पडदा हलला आणि काकूंनी एक दाढी वाढलेला तरुण आत ढकलला!

"वसंत हाय. ओरडू नको. पाणी ओतत राहा."

तो भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला. परसात बुटांचा आवाज झाला.

"अंदर कौन है?" पोलिसांचे अमीनसाहेब स्वतः आले होते.

"आमची मास्तरीण न्हाते, साहेब," काकू म्हणाल्या.

मी तांब्यावर तांब्या ओतू लागले. शिपाई कडबा उपसत होते, माळा तुडवत होते. अमीनसाहेब मात्र पडद्यापासून दोन हातांवर उभे. त्यांच्या बुटांची टोकं मला खालून दिसत होती. घंगाळ संपलं. रिकामा तांब्या घंगाळात नुसता खडखडवत राहिले.

"साब, पडदा उठाऊं?" एका शिपायानं विचारलं.

"औरत नहा रही है. शरम नहीं आती? चलो सब बाहर!"

बूट वळले. शिपाई अंगणापलीकडे गेले. मग बुटांचा एकच जोड परत पडद्यापाशी आला.

"बाई," अमीनसाहेब हळूच म्हणाले, "पानी तो कबकाच खतम हुआ. सर्दी हो जाएगी."

आणि निघून गेले.