उघडी चेन

खंडेनवमी, सकाळ. जळगावची आमची डाळमिल. हजर: भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर आणि मिलचे मालक, नाना, आमचे जुने फिटर, अक्का, खड्ड्यात तूर ओतणारी, निवडायला बसणाऱ्या बायका, आणि मी, खरेदी व माणसांची हजेरी बघणारी.

दिवसाचं काम ठरलेलं असतं. यंत्रांच्या चेनवर झाकलेल्या जाळ्या काढायच्या, गिअर आणि चेन रॉकेलने धुवायच्या, कुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे. जाळी लावूनच पूजा करू, असं मी दोनेक वर्षांपूर्वी सुचवलं होतं. नाना हसले होते. "वहिनी, हार देवले घालू का जाळीले घालू?" सगळे हसले आणि विषय संपला.

आरती झाली की यंत्र एक फेरा फिरवायचं, ही आमच्या मिलची रीत. बंद यंत्राची पूजा पोचत नाही, असं सासऱ्यांच्या काळापासून सगळे मानतात. नानांनी बटण दाबलं. खड्ड्यातून धान्य वर नेणाऱ्या एलेव्हेटरचा हार घसरू लागला. देवाचा हार पायदळी पडू नये म्हणून अक्काने हात पुढे केला. चेनने आधी हार ओढला, मग हात. नानांनी लगेच बंद केलं, पण बंद केलेलं यंत्र जागच्या जागी थांबत नाही. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात अक्काने एकच विचारलं, "मनी जागा कोनले देसात?" खड्ड्याचं काम मेहनतीचं, पण ते तिचं होतं. बाईमाणसाला ते जमतं हे तिनेच दाखवलं होतं. तुझी जागा तुझीच राहील, असं मी सांगितलं. भाऊ बिल भरायला गेले.

त्यानंतर मी कामाला लागले. आधी जाळ्या वेल्ड करून टाका म्हटलं. नाना म्हणाले, "मंग ग्रीस कुठून देऊ?" ते खरं होतं. उघड्या चेनला ग्रीस लागतं, ग्रीसवर डाळीचा भुसा बसतो, त्याची काळी खळ होते, ती खरवडायला जाळी पुन्हा निघते. जी वस्तू रोज उघडावी लागते ती शेवटी उघडीच राहते. म्हणून मला बंद गिअरबॉक्स हवा होता. दात आत, तेल आत, बाहेर फक्त डबा.

भाऊंना घेऊन धुळ्याला गेले. तिथल्या एका मिलने नवे गिअरबॉक्स बसवले होते. डबे छान होते, रंगवलेले, आवाज कमी. पण डब्यातून निघालेल्या दांड्यापासून यंत्रापर्यंत पुन्हा चेनच होती, आणि तीही उघडी. मी विचारलं तेव्हा तिथले इंजिनिअर म्हणाले, "जाळी आहे ना, सध्या काढलीय."

परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहाला थांबलो. भाऊ म्हणाले, "बघितलंस? शेवटी सगळं तेच."

"तेच नाही. यंत्राच्या शाफ्टवरच थेट बसतो तो घ्यायचा. मध्ये चेनच नको."

"तो महाग."

"हो."

भाऊंनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "घे मग. पण नानांना तू सांग."

नानांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, चेन तुटायच्या आधी तिचा आवाज बदलतो, आपण कडी बदलतो आणि तासाभरात मिल चालू होते. डबा बिघडला तर नाशिकला न्यायचा. "डब्बाना पोटमा काय चालू शे, काय माहीत?" त्यांच्या बोलण्यात अर्थ होता, हे मी नाकारत नाही. मी तेल बघायची काच दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, पुसली आणि पुन्हा पाहिली. अक्काचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. बटण त्यांच्याच बोटाखाली होतं. तेव्हापासून ते कुठलंही यंत्र सुरू करायच्या आधी बाजूला कोण उभं आहे ते दोनदा बघतात.

साल काढणारी गोट्याची, चाळणीची, पॉलिशची यंत्रं एकेक करून बदलली. मिलचा आवाज उतरला. बायका आता एकमेकींशी ओरडून बोलत नाहीत. खड्ड्याचा एलेव्हेटर शेवटी घेतला, आणि तिथे अडलं. जुना शाफ्ट झिजून वेडावाकडा झालेला. गिअरबॉक्स त्यावर सरकेना. शाफ्ट काढून लेथवर नवा करून घ्यायला हवा, म्हणजे मिल बंद ठेवायला हवी. तेवढ्यात हरभऱ्याची आवक सुरू झाली. "सीझन होऊ दे," भाऊ म्हणाले. ते असं म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज नरम असतो, त्यामुळे भांडताही येत नाही.

मागच्या आठवड्यात अक्काकडे गेले. जखम भरली आहे. ती डाव्या हाताने पीठ मळत होती. निवडायच्या टेबलावर ये म्हटलं, तर म्हणाली, "बसाना काम मले नही जमत. मनी जागावर येसू. पन ती चेन उघडी शे तोवर मी तठे पाय ठेवस नही."

"होईल ते काम, अक्का."

"कवय?"

"सीझन झाला की," मी म्हणाले.

इतके दिवस हमाल आळीपाळीने खड्डा सांभाळत होते, परवा भाऊंनी तिथे दुसरी बाई लावली. तरणी आहे, चपळ आहे, पदर कमरेला घट्ट खोचते. तात्पुरती, असं भाऊ म्हणतात. मी तिला चेनपासून हातभर लांब उभं केलं. पण पोतं रिकामं करताना तिला पुढे यावंच लागतं. नवा गिअरबॉक्स लाकडी पेटीत, भिंतीला लावून ठेवला आहे. शाफ्ट अजून लेथवर गेलेला नाही.