स्लॅशअण्णा

उष्ट्या ताटाकडे बघावं तसे स्लॅशअण्णा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचे. मान किंचित मागे, ओठ एका बाजूला ओढलेले, चष्मा कपाळावर. मग शांतपणे विचारायचे, "कोण जेवून गेलं इथं?"

ज्याच्या पडद्यावर फाइली विखुरलेल्या असत, त्याचा चेहरा उतरायचा. माझा पहिल्याच दिवशी उतरला. सहा वर्षं घरी बसून मी पुन्हा नोकरीला लागले होते, के. आर. पुरमहून कंपनीच्या बसने दीड तास धक्के खात बोम्मसंद्र्याला पोचले होते, आणि स्वागताला हे वाक्य मिळालं. तेही मराठीत. बंगळूरच्या ऑफिसात मराठी ऐकून जीव सुखावला, आणि पुढच्याच क्षणी अर्थ कळून पुन्हा कोमेजला.

आमच्या कारखान्यात ऑक्सिजन सिलिंडरचे व्हॉल्व्ह बनत. प्रत्येक व्हॉल्व्हची दाबाखाली चाचणी व्हायची, आणि चाचणी घेणारं मशीन प्रत्येक व्हॉल्व्हमागे एक छोटी फाइल लिहून ठेवायचं. त्या फाइली उचलायच्या, योग्य फोल्डरात नेऊन ठेवायच्या, त्यांचा रिपोर्ट काढायचा, ही सगळी कामं अण्णांनी पायथन या संगणकी भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, करत. फोनवर कुणाला फाइलचा पत्ता सांगताना प्रत्येक फोल्डरनंतरच्या तिरक्या रेघेला ते "स्लॅश" असं दणकून म्हणत, जणू समोरच्याच्या टेबलावर हात आपटताहेत. नाव त्यावरून पडलं. त्यांना ते माहीत होतं. नाव ठेवणाऱ्यांची अक्कलही माहीत आहे, असं ते म्हणायचे.

अण्णा चामराजपेटचे. चार पिढ्यांपूर्वी त्यांच्या घरातलं कुणी शिवणकाम करायला इकडे आलं आणि इथलंच झालं. मराठी घरात टिकली, पण जागोजागी कन्नडचं ठिगळ लावून. माझ्या सांगलीच्या बोलण्याला ते 'पुस्तकातलं' म्हणत. मला अक्का म्हणत, आणि त्या अक्कात आदर कमी, हताशपणा जास्त असे. "हे बघ अक्का," अशी सुरुवात झाली, की पुढची दहा मिनिटं आपली नव्हेत हे मी समजून घेई.

मी लिहिलेली पहिली स्क्रिप्ट फोल्डरच सापडत नाही म्हणून अडून बसली. फोल्डर डोळ्यांसमोर होता. त्याचं नाव 'टेस्ट'. मी दोन तास डोकं फोडलं, मग नाइलाजाने त्यांना बोलावलं. पत्त्यातला उलटा स्लॅश आणि त्याला चिकटलेला 'टेस्ट'चा टी, हे दोन मिळून पायथनला टॅबची मोकळी जागा वाटत होती. अण्णांनी पत्त्याच्या आधी एक अक्षर टाकून ते अर्ध्या मिनिटात दुरुस्त केलं आणि पुढचा अर्धा तास मला ऐकवलं. "पत्ता वाचायचा असतो, अक्का. नुसता चिकटवला की झालं? तुझ्या घरचं कुरिअर येतं तरी कसं?"

दुसऱ्या वेळी माझी स्क्रिप्ट माझ्या हातून नीट चालली, पण वेळ लावून आपोआप चालवली की भलत्याच ठिकाणी फाइली टाकू लागली. मी पूर्ण पत्ता न देता 'दोन फोल्डर मागे' असं लिहून ठेवलं होतं. "दोन घरं मागे, असा पत्ता पोस्टमनला देशील?" अण्णा म्हणाले. "तो कुठं उभा आहे, तुला ठाऊक आहे का? नाही ना? मग मागे म्हणजे कुठल्या मागे?" आजूबाजूच्या टेबलांवरचे कन्नड, तमीळ, हिंदी सगळे हसले. मराठी एकालाही येत नव्हती, तरी हसले. मी त्या दिवशी डबा न खाता परत नेला. खरं सांगायचं तर मला तो माणूस अजिबात आवडत नव्हता.

त्यांचं बोलणं कुणालाच चुकत नसे. खरेदी विभागातल्या एकाने 'अर्जंट' नावाची फाइल जपून ठेवली होती. अण्णांनी तिची तारीख बघितली आणि विचारलं, "तीन वर्षं झाली. पेशंट जिवंत आहे काय?"

मग नवे मॅनेजर आले. मोठे गोड बोलणारे. प्रत्येक वाक्यात माझं नाव घ्यायचे, कामाचं कौतुक करायचे, आणि मी मूर्खासारखी फुलायचे. त्यांना अण्णांचा फोल्डरांचा पसारा मान्य नव्हता. वर्ष, त्यात महिना, त्यात मशीन क्रमांक, त्यात तारीख. कशाला हवी इतकी उतरंड? "फोल्डर ही जुन्या लोकांची सवय आहे. सगळं एका ठिकाणी टाका. सर्च आहे ना!" हे काम त्यांनी अण्णांना न देता मला दिलं. मला तो मान वाटला.

मी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फाइल उचल, नव्या फोल्डरात कॉपी कर, जुनी पुसून टाक. अण्णा पाठीमागे येऊन उभे राहिले. "तिथं त्याच नावाची फाइल आधीच असली तर?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नावात तारीख आहे, नंबर आहे. सारखं नाव कसं असेल?" ते काही बोलणार होते, पण मी खुर्ची फिरवून पाठ केली. ती पाठ मला आजही आठवते.

चाचणीची मशीनं दोन होती, आणि दोन्ही रोज एकपासून नंबर टाकत. तारीख तीच, नंबर तोच, नाव तेच. वेगळा होता तो फक्त मधला फोल्डर, मशीन क्रमांकाचा. तोच मी काढून टाकला होता. कॉपी करताना पायथनने मला काहीही विचारलं नाही. दुसऱ्या मशीनची फाइल पहिल्या मशीनच्या फाइलवर मुकाट्याने लिहिली गेली. आठ महिन्यांच्या चाचण्यांतलं पहिलं मशीन आमच्या दप्तरातून पुसलं गेलं. बॅकअपनेही आज्ञाधारकपणे तोच नवा फोल्डर उचलला होता.

हे कळलं ते एका हॉस्पिटलातून व्हॉल्व्ह गळत असल्याची तक्रार आली तेव्हा. पेशंटला काही झालं नव्हतं, नर्सच्या वेळीच लक्षात आलं. व्हॉल्व्ह पहिल्या मशीनवर तपासलेला. रिपोर्ट मागवला, तर मिळेना.

मीटिंग बसली. मॅनेजरसाहेब त्याच गोड आवाजात म्हणाले, की जुन्या सिस्टिममध्ये बऱ्याच उणिवा होत्या आणि त्यातूनच काही फाइली गहाळ झाल्या आहेत. मग म्हणाले, आकडे तर सगळ्यांचे जवळपास सारखेच येतात. दुसऱ्या मशीनच्या फाइलींवरून पहिल्याच्या तयार करून ठेवता येतील. टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या वह्यांकडे बघत होते. मला वाटलं, वाचले.

तेवढ्यात अण्णा माझ्याकडे न बघता, छताकडे बघत मराठीत म्हणाले, "बोलतेस काय अक्का, की मी जेवायला जाऊ?"

खोलीत ते दुसऱ्या कुणालाच समजलं नाही. मी उठले. स्क्रिप्ट माझी आहे, फाइली माझ्याकडून गेल्या, अण्णांनी आधी विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही, हे सगळं सांगितलं. बसताना खुर्ची कुठे आहे ते दिसत नव्हतं.

मग अण्णा बोलले, इंग्रजीत, एकच वाक्य, सावकाश: "फाइल नाही म्हणजे चाचणी झालेली नाही. माल परत मागवा." मॅनेजरसाहेबांनी कंपनीच्या नावाचं काय, असं विचारलं. "ते कुठल्या फोल्डरात ठेवलंय?" अण्णा म्हणाले.

माल परत आला. सहा आठवडे अण्णा आणि मी चाचणीच्या मशीनशेजारी स्टुलं टाकून बसलो. व्हॉल्व्ह लागत, दाब चढत, फाइल बनत, आणि आम्ही ती नोंदवत जात होतो. आणखी अकरा व्हॉल्व्ह गळके निघाले. अकरावा सापडला तेव्हा अण्णांनी तो हातात घेतला, बराच वेळ उलटासुलटा केला आणि काहीच टोमणा न मारता लाल पेटीत ठेवला. त्या सहा आठवड्यांत त्यांनी माझ्या चुकीचा एकदाही उल्लेख केला नाही. माझ्या डब्यातल्या भाजीला मात्र रोज नावं ठेवली.

वर्षअखेरीला त्यांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. निरोपाच्या केकवर त्यांचं नाव चुकीचं लिहिलं होतं. "सरी, ठीक," ते म्हणाले, "शेवटपर्यंत एकसारखे राहिलात." मॅनेजरसाहेबांना बढती मिळाली. गोड बोलणाऱ्यांना मिळते.

गेल्या वर्षी अण्णा गेले. त्यांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला, की फ्रेम करायला त्यांचा एक फोटो हवाय, कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी आहे, पण आपल्याला काही सापडत नाही. रविवारी दुपारी मी चामराजपेटला गेले. काकूंनी कॉफी दिली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी कॉम्प्युटर सुरू केला.

पडद्यावर एक इंच जागा मोकळी नव्हती. लाइट बिलं, भाच्याच्या लग्नाचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं एकावर एक. 'नवीन फोल्डर'च्या आत 'नवीन फोल्डर', त्याच्या आत तिसरा, आणि तो रिकामा. मी बघतच राहिले. मग घरात दुखवटा आहे हेही विसरून मोठ्याने म्हणाले, "अण्णा, लाज नाही वाटली? जगाला शिकवत फिरलात, आणि घरी हा उकिरडा? इथे माणूस काय शोधणार, कपाळ?"

म्हटलं आणि जीभ चावली. आतला भांड्यांचा आवाज थांबला. काकू हात पुसत दारात आल्या. त्या रागावल्या असतील असं वाटलं, पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी काढत.

"बोल की स्वल्प आणखी," काकू म्हणाल्या. "घर फार गप्प पडलंय."

मी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक फाइल उघडत, अंधार पडेपर्यंत अण्णांना शिव्या घातल्या.